आपल्याच जिल्ह्यातले प्राणी पाहायचे कुठे?

पावसाळा लागला की ग्रामीण रुग्णालयांच्या अपघात विभागात पेशंटबरोबर साप येऊ लागतात. कुणी प्लास्टिकच्या पिशवीत आणतो, कुणी बरणीत, कुणी जुन्या फडक्यात बांधून. बहुतेक ठेचलेले, काही अर्धवट जिवंत. पेशंटला खाटेवर घेतले जात असतानाच नातेवाईक पिशवी पुढे करतात, ''डॉक्टरसाहेब, हाच चावला, बघून घ्या.'' मग पिशवीभोवती घोळका जमतो. वॉर्डबॉय म्हणतो मण्यार, शिपाई म्हणतो कवड्या, सोबत आलेले पोलीस पाटील म्हणतात, ''अहो, नागाचं पिल्लू आहे ते.'' बंधपत्रावर नुकताच रुजू झालेला डॉक्टर मोबाइलवर फोटो काढून ओळखीच्या सर्पमित्राला पाठवतो आणि उत्तराची वाट पाहतो. या सगळ्यांत कुणाचेच चुकलेले नसते. शाळेत, कॉलेजात किंवा नोकरीत, त्यांना मण्यार आणि कवड्या शेजारीशेजारी ठेवून कुणी कधी दाखवलेलाच नसतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. उपचारासाठी डॉक्टरला साप लागत नाही. पापण्या जड झाल्या आहेत का, गिळायला त्रास होतो का, आवाज बदलला का, दंशाच्या जागी सूज किती चढली, हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त जाते का, हे पाहिले जाते. दोन-तीन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि ते गोठते का ते बघायचे, ही साधी तपासणी कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. आपल्याकडचे प्रतिविष, म्हणजे लोक ज्याला 'सापाचं इंजेक्शन' म्हणतात ते, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकत्रच बनवलेले असते. त्यामुळे साप मारून आणण्यात वेळ जातो आणि मारताना दुसऱ्याला दंश होण्याची भीती असते. मेलेल्या सापाचे तोडलेले डोकेसुद्धा काही काळ चावू शकते, हे तर अनेकांना खरेच वाटत नाही.

मग साप ओळखता येण्याचा फायदा काय? ओळखीचा उपयोग दंशानंतर थोडा आणि दंशाच्या आधी फार मोठा आहे. मण्यार रात्री फिरते, भक्ष्याच्या मागे घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणातच चावते. दंश अनेकदा दुखत नाही, सूज येत नाही, खूणही नीट सापडत नाही. पहाटे पोटात दुखते, घसा धरतो, पापण्या मिटू लागतात. घरचे समजतात रात्रीचे जेवण बाधले. ज्याला हे ठाऊक आहे तो पावसाळ्यात खाटेवर झोपेल, मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचेल, आणि पहाटेच्या पोटदुखीला पापण्यांची जोड मिळाली तर सोड्याचे पाणी देत बसणार नाही. घोणस शेतातल्या पाचोळ्यात, बांधावर पडून असते आणि डिवचली की कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते. तो आवाज ओळखणारा शेतमजूर जागीच थांबतो. फुरसे जेमतेम फूट-दीड फूट लांब, कोकणातल्या दगडधोंड्यांखाली बसणारे. अंगावरचे खवले एकमेकांवर घासून ते करवतीसारखा आवाज काढते. आंब्याच्या बागेत चिऱ्याखाली हात घालण्याआधी हे माहीत असणे कुठल्याही औषधापेक्षा स्वस्त पडते.

उलट बाजूने पाहिले तरी तेच. धामण गाई-म्हशीच्या पायांना वेटोळे घालून दूध पिते, या समजापायी ती दिसेल तिथे मारली जाते. ती दूध पीत नाही, उंदीर खाते. धामणी कमी झाल्या म्हणून लेप्टो वाढला, असा थेट हिशेब कुणी मांडू नये. पण शेतातला उंदीर खाणारा प्राणी मारून उंदरांच्या रोगाची तक्रार करायची, यात काही शहाणपण नाही. शिवाय पुष्कळ दंश साप मारायला किंवा पकडायला गेल्यावरच होतात. मांडुळाची गोष्ट आणखी वेगळी. गुप्तधन मिळवून देणारा साप म्हणून त्याची तस्करी होते. डुरक्या घोणस हा बिनविषारी साप, पण दिसतो घोणशीसारखा, म्हणून मारला जातो. आणि जीव घेणारी चूक म्हणजे खऱ्या घोणशीला अजगराचे पिल्लू समजून उचलणे.

आकडे पाहू. देशभरातील मृत्यूंच्या मोठ्या नमुना पाहणीवर आधारलेल्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले, बहुतेक सारे खेड्यांतले आणि त्यांतला मोठा भाग रुग्णालयात पोहोचण्याआधीचा किंवा पोहोचलाच नाही असा. सर्वाधिक मृत्यूंच्या राज्यांत महाराष्ट्र नाही, याचे समाधान मानावे, पण ते फार नको. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत वरचे स्थान दिले. भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे ठरवले. रुग्णालयाबाहेर मरणारी माणसे रुग्णालये सुधारून वाचणार नाहीत. त्यांच्यापर्यंत ओळख आधी पोहोचायला हवी. ही ओळख करून देणारी जागा आपल्याकडे आहे, पण आरोग्य खात्याने तिच्याकडे त्या नजरेने कधी पाहिलेले नाही. ती जागा म्हणजे महापालिकांची, विद्यापीठांची, वन विभागाची छोटी प्राणिसंग्रहालये आणि निसर्ग परिचय केंद्रे.

यातले चांगले उदाहरण लांब शोधायला नको. १९८० मध्ये नीलिमकुमार खैरे यांनी पुण्यात ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काढले. साप उगाच चावत नाही, हे त्यांना लोकांना दाखवायचे होते. पुढे १९८६ मध्ये कात्रजला सर्पोद्यान उभे राहिले. पेशवे पार्कातले प्राणी नंतर कात्रजला हलवले गेले आणि सर्पोद्यान व प्राणिसंग्रहालय मिळून आजचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय झाले. म्हणजे पुण्याच्या या संग्रहालयाची सुरुवात वाघ-सिंहांपासून नाही, आसपासच्या शेतांत आणि वाड्यांत निघणाऱ्या सापांपासून झाली. पुणे जिल्ह्यातल्या कितीतरी माणसांनी जिवंत घोणस आयुष्यात पहिल्यांदा तिथेच, काचेपलीकडे पाहिली असेल.

मात्र रविवारी अशा कुठल्याही संग्रहालयात तासभर उभे राहून गर्दी कुठे जाते ते पाहावे. ती वाघाकडे जाते, आणि पांढरा वाघ असेल तर त्याच्याकडे. वाघ पाहून मुलांचे डोळे विस्फारतात, त्यात वाईट काही नाही. पण पांढरा वाघ ही निराळी जात नव्हे. रंगद्रव्याच्या जनुकातला तो एक बदल आहे. १९५१ मध्ये रीवा संस्थानाच्या जंगलात पकडलेल्या 'मोहन' नावाच्या बछड्यापासून जवळच्या नात्यांत प्रजनन करून ही पैदास वाढवली गेली. या वाघांपैकी अनेक तिरळे असतात, कारण डोळ्यापासून मेंदूकडे जाणाऱ्या तंतूंची मांडणीच त्यांच्यात बिघडलेली असते. वैद्यकीय दृष्टीने ही जन्मजात विकृती. आपण तिच्यासमोर सेल्फी काढतो.

मुंबईत भायखळ्याच्या राणीबागेत २०१६ मध्ये दक्षिण कोरियाहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले गेले. त्यांच्यासाठी थंड दालन बांधले. आठांतला एक काही महिन्यांतच दगावला आणि मोठा वाद झाला. पुढे पेंग्विनांमुळे बागेत गर्दी वाढली आणि उत्पन्नही, हे मान्य करायला हवे. तरी एक प्रश्न उरतो. मुंबईकर मुलाला पेंग्विन कुठे भेटणार आहे? आरे कॉलनीतल्या पाड्यावर किंवा मुलुंडच्या डोंगराकडेच्या वस्तीत त्याला नाग भेटेल, घोणस भेटेल, संध्याकाळी बिबट्याही भेटेल. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवतीच्या वस्त्यांतली माणसे बिबट्यासोबत राहायला जे थोडेफार शिकली, ते कचरा उघड्यावर टाकू नये, कारण त्याने कुत्री वाढतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो, अंधारात मुलांना एकटे सोडू नये, बिबट्या दिसला तर त्याला घेरू नये, असल्या साध्या सांगण्यांतून. हे सांगण्यासाठी बिबट्याच्या पिंजऱ्यापेक्षा चांगली जागा कुठली? पण तिथल्या पाटीवर सहसा काय असते? नाव, शास्त्रीय नाव, आढळ, आहार, आयुर्मान.

या पाट्यांविषयी थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण खरी गफलत इथेच आहे. मण्यारीच्या काचेसमोरची नेहमीची पाटी अशी असते: मण्यार, विषारी, आढळ सर्व भारतभर, आहार साप, पाली, उंदीर, अंडी घालते. माहिती बरोबर आहे, पण वाचणाऱ्याला तिचा काय उपयोग? हीच पाटी कुणी गावातल्या आजीला डोळ्यांपुढे ठेवून लिहिली तर अशी होईल: 'ही मण्यार. रात्री घरात येते. काळी, चकचकीत. अंगावर पांढरे पट्टे, बहुधा जोडीजोडीने. मानेजवळ पट्टे नसतात किंवा पुसट असतात, शेपटीकडे ठळक होतात. पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची रांग. शेजारच्या काचेत कवड्या आहे, तो बिनविषारी. त्याचे पट्टे मानेपासूनच ठळक असतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यार चावली तर दुखेलच असे नाही. पापण्या जड झाल्या, गिळता येईना, पहाटे पोटात दुखू लागले, तर देवळात नेऊ नका, १०८ ला फोन करा. सरकारी रुग्णालयात इंजेक्शन फुकट मिळते.' आणि खाली एकच ओळ: 'ओळखता आली नाही तर लांब उभे राहा.' ही शेवटची ओळ सगळ्यांत महत्त्वाची. पाटी वाचून कुणी सर्पतज्ज्ञ होत नाही, आणि अर्धवट ओळखीच्या जोरावर कुणी कवड्या म्हणून मण्यार उचलू नये.

मण्यारीशेजारी कवड्या आणि घोणशीशेजारी डुरक्या घोणस व अजगराचे पिल्लू, अशी जोड्यांची मांडणी करायला खर्च फार येत नाही. काही सर्पोद्यानांत ती थोडीबहुत दिसते, पण अनेक ठिकाणी साप ज्या काचेत जागा झाली त्या काचेत ठेवलेले असतात. शेजारी कोण आहे यामागे काही विचार नसतो.

विंचवांचे तर नावच नको. कोकणात विंचूदंशाने होणाऱ्या मृत्यूंवर महाडला राहून डॉ. हिंमतराव बावस्करांनी काम केले आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे औषध लाल विंचवाच्या दंशावर कसे कामी येते ते दाखवले. १९८२ मध्ये त्यांचे निरीक्षण 'लॅन्सेट'मध्ये आले. जगाला उपयोगी पडलेले हे ज्ञान तालुक्याच्या गावात, तिथल्याच प्राण्याकडे आणि तिथल्याच पेशंटकडे लक्ष देऊन मिळाले. पण आज महाराष्ट्रातल्या कुठल्या मुलाला लाल विंचू आणि काळी इंगळी शेजारीशेजारी पाहायला मिळतात? इंगळी हातभर वाटावी अशी दिसते, नांग्या जाडजूड, बघूनच घाम फुटावा. पण जिवाला धोका तिच्यापेक्षा कितीतरी जास्त त्या बारीक, तांबूस विंचवाचा. दिसण्यावरून भीती ठरवायची सवय इथे नेमकी उलटी पडते. दोन काचेच्या पेट्या, थोडी वाळू, चार दगड आणि खायला झुरळे, एवढ्यात हे प्रदर्शन उभे राहते. एका पांढऱ्या वाघाच्या मांसाचा महिन्याचा खर्चही त्याला लागणार नाही.

स्थानिक प्राणीच ठेवायचे, असे ठरवून नावारूपाला आलेली संग्रहालये जगात आहेत. अमेरिकेत ॲरिझोनातल्या टूसॉन शहराबाहेर १९५२ पासून सोनोरा वाळवंटाचे संग्रहालय चालते. तिथे त्या वाळवंटातलेच प्राणी आणि झाडे. हत्ती नाही, जिराफ नाही. रॅटलस्नेक आहे, विषारी हिला सरडा आहे, विंचू आहेत, आणि तरी लोक लांबून येतात. आपल्याकडे दार्जिलिंगचे पद्मजा नायडू हिमालयन प्राणिसंग्रहालय हिमालयातल्या प्राण्यांसाठीच ओळखले जाते. लाल पांडा आणि हिमबिबट्या यांची पैदास त्यांनी करून दाखवली. गोव्याचे बोंडला छोटेसे, अभयारण्याच्या कुशीतले, आणि तिथे पाहण्यासारखे ते गोव्याच्या रानातलेच. छोट्या संस्थेने आपली मर्यादा ओळखली की तिला स्वतःची ओळख मिळते. सोलापूर किंवा छत्रपती संभाजीनगरसारख्या शहराने मुंबईशी वाघांच्या संख्येत स्पर्धा करण्यात काय हशील? सोलापूरकडे माळरान आहे, काळवीट आहे, लांडगा आहे, खोकड आहे. शेजारच्या माळावर राहणारा लांडगा त्या शहरातल्या किती मुलांनी पाहिला असेल?

चेन्नईजवळ मगर पैदास केंद्राच्या आवारात इरुळा आदिवासींची साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था आहे, १९७८ पासूनची. एके काळी कातड्यासाठी साप मारणारी ही माणसे आता विष काढून साप पुन्हा सोडून देतात. देशातल्या प्रतिविषाला लागणाऱ्या विषाचा फार मोठा भाग तिथून येतो आणि पाहुण्यांना विष काढताना पाहताही येते. काचेतला साप आणि रुग्णालयातली बाटली यांचे नाते असे डोळ्यांसमोर दिसावे, याहून चांगले विज्ञान शिक्षण कुठले?

पण याच उदाहरणात एक अडचणही आहे. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशाप्रमाणे बदलते. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी घोणशीच्या विषावर केलेल्या कामातून दिसले की देशाच्या वेगवेगळ्या भागांतल्या घोणशींचे विष सारखे नसते आणि तमिळनाडूतल्या विषावर बनवलेले प्रतिविष सगळीकडे सारखेच लागू पडत नाही. डॉक्टरांना प्रत्यक्षात दिसते ते हे की कुणाला दहा बाटल्यांत बरे वाटते, कुणाला वीस देऊनही रक्त गोठत नाही. त्यामागे इतर कारणेही असतात, उशीर हे त्यांतले पहिले. तरीही प्रदेशाप्रदेशाचे विष अभ्यासायचे, तर त्या त्या प्रदेशातले, नेमक्या कुठल्या गावात सापडले याची नोंद असलेले साप लागतात. सर्पोद्यानांत आणि बचाव केंद्रांत असे साप वर्षानुवर्षे येतात. पकडले कुठे, हे वहीत कधी लिहिले जाते, कधी नाही. विष काढणे हे परवानगीचे आणि प्रशिक्षित माणसांचे काम आहे, ते प्रत्येक उद्यानाने सुरू करावे असे कुणी म्हणणार नाही. पण गाव, तारीख, जागा घरातली की शेतातली, एवढी नोंद ठेवायला परवानगी लागत नाही. वर्षभराच्या अशा नोंदी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात गेल्या, तर कुठल्या तालुक्यात कुठला साप जास्त निघतो आणि कुठल्या केंद्रात प्रतिविष अधिक ठेवावे लागेल, हे ठरवायला मदत होईल. आज दोन सरकारी खात्यांचे हे कागद एकमेकांना भेटत नाहीत.

छोट्या संग्रहांचे दोषही कमी नाहीत, आणि त्यावर पांघरूण घालून भागणार नाही. अंधारी काच, ओली जमीन, पाण्याचे भांडे कोरडे, प्राणी कोपऱ्यात अंग चोरून बसलेला, आणि समोर काचेवर टकटक करणारी माणसे. अशा ठिकाणी मूल प्राण्याची कीव करायला शिकते किंवा त्याची चेष्टा करायला. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण १९९२ पासून आहे, त्याची मान्यता लागते, तरी सगळे सुरळीत चालते असे नाही. स्थानिक प्राण्यांना इथली हवा मानवते, त्यांच्यासाठी वातानुकूलन नको, हे खरे. पण म्हणून त्यांची देखभाल कुणीही करू शकतो, हे खरे नाही. जिथे पशुवैद्य नाही, प्रशिक्षित कर्मचारी नाही आणि विषारी साप सांभाळणाऱ्यांसाठी जवळच्या रुग्णालयाशी प्रतिविषाची व्यवस्था नाही, तिथे संग्रह असू नये. दहा साप नीट ठेवावेत, पन्नास कसेबसे ठेवू नयेत.

जखमी प्राण्यांचाही प्रश्न आहे. मांजाने पंख कापलेली घार, गाडीखाली पाय गेलेले खोकड, असे रानात परत सोडता न येणारे प्राणी केंद्रांत ठेवले जातात, आणि तेच पुष्कळदा शाळकरी मुलांना दाखवले जातात. त्यात गैर नाही, फक्त तो इथे का आहे हे लिहिलेले असावे. मांज्याची रीळ घेऊन घरी जाणाऱ्या मुलाला त्या घारीची हकिगत कळलीच पाहिजे. आजारी प्राण्यांचे मात्र वेगळे. नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले. बाहेरून आलेला प्राणी काही दिवस वेगळा ठेवणे, मांसाचा उगम तपासणे, कर्मचाऱ्यांनी हातमोजे-मुखपट्टी वापरणे, हे तेव्हा चार दिवस बातम्यांत राहिले. ते रोजच्या कामात मुरायला हवे.

आणि हाताळणी. मुलांना सापाला हात लावू दिला की भीती जाते, अशी एक समजूत आहे. भीती जाते, पण तिच्या जागी काय येते? गळ्यात साप घालून फोटो काढणारे सर्पमित्र, पकडलेल्या नागाशी खेळ करून चित्रफीत टाकणारे तरुण, आणि त्यांच्यापैकी अतिदक्षता विभागात आलेले, क्वचित न वाचलेले. ७२ तासांच्या त्या प्रयोगाची तेव्हा गरज असेल. आता उलट्या धड्याची गरज आहे. सापाजवळ जायचे नसते, हे काच पुरेसे शिकवते. दुसरे कारण आरोग्याचे: कासव, साप, सरडे यांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात आणि लहान मुले हात तोंडात घालतात. अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी घातली ती याच कारणाने. हात धुवायचा नळ आणि साबण फाटकाशी नव्हे, प्राण्यांच्या दालनाबाहेरच असावा.

एक खंत राहतेच. सर्पदंशाने मरतो तो शेतमजूर, आणि प्राणिसंग्रहालयात तिकीट काढून येतो तो शहरातला माणूस. खेड्यातले माणूस तिथे येते ते एकदाच, शाळेच्या सहलीत, एसटीतून. ती सहल निघते डिसेंबर-जानेवारीत, परीक्षांच्या आधी. थंडीत साप मंदावलेले असतात, काचेत गुंडाळी करून पडलेले. मुले दोन मिनिटे थांबतात, कुणीतरी म्हणते 'मेलाय वाटतं', आणि घोळका वाघाकडे पळतो. मृत्यू होतात जून ते सप्टेंबरमध्ये. सहल जूनमध्ये नेता येत नसेल, तर उद्यानाने जूनच्या पहिल्या पंधरवड्यात तालुक्याच्या शाळांत यावे. साप आणायचे कारण नाही. चार मोठी रंगीत छायाचित्रे, कवड्या आणि मण्यार यांचे हुबेहूब नमुने, एक आशाताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातला एक माणूस, एवढे पुरे. मुलांनी घरी जाऊन आजीला आणि जमिनीवर झोपणाऱ्या धाकट्या भावंडांना दाखवावे म्हणून प्रत्येकाच्या हातात एक छापील कागद द्यावा. त्या कागदावर वाघाचे चित्र छापू नये. नाहीतर मुले तोच पाहतील.